शीत उचललें म्हणून भात चोरला काय?

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही रीत आपल्या घरांतील लहान मुलीलाहि ठाऊक असते. भात शिजला कीं कच्चा राहिला हें पाहावयाचें तर हंडींतून एक शीत उचलावें लागतें व तें दोन बोटांत दाबून पाहावें लागतें. नुसतें झांकणाकडे पाहून भाताची परीक्षा होत नाहीं. परंतु हंडीचा धनी जर ओरडूं लागला, कीं शीत उचललेंस म्हणून तूं भाताचा चोर, आतां सगळ्या हंडीचे पैसे टाक, तर त्याला आपण काय म्हणूं? आज बातम्यांच्या धंद्यांत नेमका हाच तंटा उभा राहिला आहे. तो शहरांतील चार शिकलेल्या लोकांचा तंटा आहे असें समजून आमच्या वाचकांनीं डोळेझांक करूं नये, म्हणून त्याविषयीं खुलासेवार लिहीत आहों.

प्रथम धंदा समजून घेऊं. वृत्तसंस्था म्हणजे बातम्यांची घाऊक पेढी. ती ठिकठिकाणीं आपले वार्ताहर व छायाचित्रकार ठेवते आणि त्यांनीं आणलेल्या बातम्या व चित्रें वर्तमानपत्रांना व दूरचित्रवाणीला विकते. अमेरिकेंतील असोसिएटेड प्रेस ही पेढी १८४६ पासूनची आहे. आपल्या देशांत पी. टी. आय. १९४९ पासून व ए. एन. आय. १९७१ पासून हें काम करीत आहेत. ज्या जिल्ह्याच्या पत्राला दिल्लीस माणूस ठेवण्याची ऐपत नाहीं, त्यालाहि ह्या पेढ्यांमुळें दिल्लीची बातमी मिळते. पुराच्या पाण्यांत उभा राहून जो चित्र घेतो, त्याच्या घामाचें मोल त्याला मिळालेंच पाहिजे. सुताराच्या नांगराचे आणि कुंभाराच्या मडक्याचे पैसे बुडविणारास आपण लबाड म्हणतों. मग बातमीदाराच्या श्रमाचे पैसे बुडविणारास साव कसें म्हणावें? एवढें आरंभींच सांगून ठेवतों, म्हणजे आम्ही चोरीचा कैवार घेतों असा कोणाचा समज होणार नाहीं.

पण गेल्या कांहीं वर्षांत बोलणारांचा एक नवा वर्ग पुढें आला आहे. त्याच्यापाशीं छापखाना नाहीं, कागद नाहीं. एक मोबाईल आहे आणि बोलण्याची हिंमत आहे. कोणी कांद्याच्या भावावर बोलतो, कोणी पीकविम्यावर, कोणी जातीच्या जुलमावर. यूट्यूबवर त्याचें स्वतःचें चॅनेल असतें. मंत्री काय म्हणाले हें सांगतांना तो मंत्र्याच्या भाषणाचा दहा सेकंदांचा तुकडा दाखवितो आणि विचारतो, "हें खरें असेल तर माझ्या हातांतल्या ह्या पावतीचा अर्थ काय?" तो तुकडा पुष्कळदां कोणत्या तरी वृत्तसंस्थेच्या कॅमेऱ्यानें टिपलेला असतो. येथेंच ठिणगी पडते.

मे २०२५ मध्यें मोहक मंगल ह्या यूट्यूबवरील प्रसिद्ध भाष्यकारानें जाहीर तक्रार केली, कीं आपल्या व्हिडिओंत ए. एन. आय.चे कांहीं सेकंदांचे तुकडे आले म्हणून त्या संस्थेनें यूट्यूबकडे कॉपीराईटच्या तक्रारी केल्या, आणि त्या मिटविण्यासाठीं परवान्याच्या नांवाखालीं ४५ ते ५० लाख रुपये मागण्यांत आले. आणखीहि कांहीं जणांनीं अशाच तक्रारी केल्या. संस्थेचें म्हणणें असें, कीं चित्रें आमचीं आहेत आणि आपला कायदेशीर हक्क बजावणें ही खंडणी नव्हे. संस्थेनें दिल्ली उच्च न्यायालयांत बदनामीचा दावा लावला, व न्यायालयाच्या सांगण्यावरून मंगल ह्यांनीं आपल्या व्हिडिओंतील कांहीं आक्षेपार्ह भाग काढण्याचें मान्य केलें. कोणाचें खरें व कोणाचें खोटें हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. आम्ही न्यायाधीश नव्हों. आमचा प्रश्न निराळा आहे. शीत किती, आणि त्याची किंमत किती? आणि ज्याच्यापाशीं पन्नास लाख रुपये नाहींत त्यानें बातमीची परीक्षा करावी कीं करूं नये? आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या फडताळांत पन्नास लाख रुपये आहेत, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें.

हा तंटा आजचा नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज व फ्रेंच सरकारांनीं हर्स्ट ह्या अमेरिकन पत्रमालकाच्या इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस ह्या पेढीला आपल्याकडील तारा वापरण्याची बंदी केली. तेव्हां ती पेढी असोसिएटेड प्रेसच्या बातम्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वर्तमानपत्रांतून व फलकांवरून उचलूं लागली आणि पश्चिमेकडील आपल्या गिऱ्हाइकांना तारेनें विकूं लागली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें व डिसेंबर १९१८ मध्यें निकाल लागला. त्यांत न्यायालयानें दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, कीं घडलेली हकीकत कोणाच्याहि मालकीची नसते, ती सर्वांची. दुसरी ही, कीं एकानें पेरावें आणि त्याच्याच धंद्यांतल्या दुसऱ्यानें तें कापून बाजारांत मांडावें, हा न्याय नव्हे. म्हणून ताज्या बातमीपुरती प्रतिस्पर्धी पेढीला मनाई करतां येते. पेरणीकापणीचा हा दाखला आपणां शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगावयास नको. पण लक्षांत ठेवावें, कीं मनाई झाली ती दुसऱ्या पेढीला. वाचकानें बातमी वाचून चारचौघांत सांगूं नये, तिच्यावर टीका करूं नये, असें त्या न्यायालयानें म्हटलें नाहीं. आणि एवढ्या मनाईलाहि न्यायमूर्ति ब्रँडाइस ह्यांनीं विरोध नोंदविला. असे नवे हक्क निर्माण करावयाचे तर तें काम कायदेमंडळाचें, असें त्यांचें मत पडलें.

पुढें नव्वद वर्षांनीं, जून २००८ मध्यें, त्याच असोसिएटेड प्रेसनें ड्रज रिटॉर्ट नांवाच्या एका लहान संकेतस्थळाला नोटीस पाठविली. तेथें लोक बातम्यांचे उतारे देऊन त्यांवर चर्चा करीत. संस्थेनें ज्या सात मजकुरांवर बोट ठेवलें, त्यांतील उतारे अवघे ३९ ते ७९ शब्दांचे होते. त्याच सुमारास संस्थेचें दरपत्रकहि लोकांच्या नजरेस आलें: पांच ते पंचवीस शब्दांना साडेबारा डॉलर! म्हणजे चार शब्दांपर्यंत फुकट आणि पांचव्या शब्दाला दाम. लोकांनीं एवढा गिल्ला केला, कीं नोटीस जड हातानें लिहिली गेली असें संस्थेच्याच अधिकाऱ्याला म्हणावें लागलें, आणि थोड्याच दिवसांत त्या संकेतस्थळाशीं तडजोड झाली. ह्यावरून एक धडा घ्यावा. पेढी कितीहि मोठी असो, चार लोकांनीं शांतपणें व एकजुटीनें प्रश्न विचारला म्हणजे तिलाहि विचार करावा लागतो.

आतां आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो तें पाहूं. कारण अज्ञानाचा फायदा घेऊनच आजवर आपल्याला लुबाडण्यांत आलें आहे. आपला कॉपीराईट कायदा १९५७ सालचा. त्याच्या ५२ व्या कलमांत साफ लिहिलें आहे, कीं टीका किंवा परीक्षण करण्यासाठीं आणि चालू घडामोडींची हकीकत देण्यासाठीं दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर केला तर तो हक्कभंग होत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें ही सवलत चित्रफितीसारख्या कृतींनाहि लागू झाली. कायदेमंडळाचे कायदे भाष्यासह किंवा इतर स्वतंत्र मजकुरासह छापण्यास, आणि न्यायालयांचे निकाल छापण्यासहि, न्यायालयाची खास मनाई नसेल तर, ह्याच कलमानें मोकळीक आहे. आणि नुसती हकीकत तर कोणाचीच नाहीं. लासलगांवच्या बाजारांत आज कांदा काय भावानें गेला, ही गोष्ट सांगण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाहीं. ज्या शब्दांत ती लिहिली ते शब्द, आणि जें चित्र काढलें तें चित्र, एवढ्यापुरताच धन्याचा हक्क.

मग वाजवी म्हणजे किती? कायद्यानें शब्द मोजून दिलेले नाहींत कीं सेकंद मोजून दिलेले नाहींत. घोळ आहे तो येथेंच. परंतु केरळ उच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिलेला एक निकाल आपल्या लोकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. तोप्पिल भासी ह्यांचें एक गाजलेलें मल्याळी नाटक होतें; १९५२ पासून त्यानें केरळांत कम्युनिस्ट पक्षाचा प्रचार केला. पुढें सिविक चंद्रन ह्यांनीं त्याला उत्तर म्हणून दुसरें नाटक लिहिलें. त्यांचें म्हणणें, कीं ज्या दलित व कष्टकरी लोकांनीं चळवळीसाठीं जीव टाकला, त्यांना सत्ता आल्यावर पक्ष विसरला. हें दाखविण्यासाठीं त्यांनीं मूळ नाटकांतील पात्रें व संवाद पुष्कळसे घेतले. मूळ लेखकाचे वारस न्यायालयांत गेले. न्यायालयानें तीन गोष्टी तपासल्या: किती घेतलें आणि त्यावर स्वतःचें भाष्य किती केलें; कशासाठीं घेतलें; आणि घेतल्यामुळें मूळ कृतीचें गिऱ्हाईक तुटेल काय. ह्या तीन कसोट्या लावून न्यायालयानें म्हटलें, कीं घेतलेलें पुष्कळ दिसलें तरी तें टीकेसाठीं आहे, म्हणून तो वाजवी वापर. कष्टकऱ्यांना नाटकांतून हद्दपार केलें हें सांगावयाचें तर तें नाटकच लोकांपुढें ठेवावें लागतें. ज्याला चिमटीभर शीत घेऊं द्यावयाचें नाहीं, त्याला भाताची परीक्षाच होऊं द्यावयाची नाहीं.

कायदा असा असतां भय कशाचें? भय आहे तें दंडाच्या रीतीचें. यूट्यूबवर कोणी हक्काची तक्रार केली, कीं बहुधा व्हिडिओ आधीं उतरतो आणि विचारपूस मागून होते. तक्रारीच्या ह्या ठोकेला तेथें स्ट्राईक म्हणतात. नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राईक पडले, कीं सगळें चॅनेलच जाण्याची पाळी येते. एका तुकड्यापायीं वर्षानुवर्षांची मेहनत, शेंकडों व्हिडिओ आणि लाखों प्रेक्षक एकदम बुडतात. बांधावरची एक काडी मोडली म्हणून सगळें शेत जप्त करावें, तसा हा प्रकार. तक्रारीला उलट उत्तर देण्याची सोय आहे. पण उत्तर दिल्यावर तक्रारदार न्यायालयांत गेला तर दिल्लीच्या वकिलाची फी कोण भरणार, ह्या धास्तीनेंच गरीब माणूस गप्प बसतो किंवा कर्ज काढून पैसे देतो. सावकाराच्या दाराशीं आपले आजेपणजे कशानें वांकले? कर्जानें जितके वांकले तितकेच कोर्टाच्या धाकानेंहि वांकले. हत्यार जुनेंच आहे. फक्त मूठ नवी बसविली आहे.

ज्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याला धरून ही व्हिडिओ उतरविण्याची रीत पडली, त्या देशांतील न्यायालयानेंहि तिला लगाम घातला आहे. एका बाईनें आपल्या तान्ह्या मुलाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ चढविला होता. मागें एक गाणें वाजत होतें. गाण्याच्या कंपनीनें २००७ सालीं तो उतरविला. बाई कोर्टांत गेली. २०१५ मध्यें तेथील वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें, कीं तक्रार करण्यापूर्वीं हा वापर वाजवी आहे काय, ह्याचा विचार हक्कदारानें केलाच पाहिजे. हाच नियम आपल्याकडे का नसावा? आणि आपल्या कायद्याचें ६० वें कलमहि पाहावें. हक्कभंग झालेला नसतां कोणी कॉपीराईटच्या दाव्याची धमकी देईल, तर धमकी खाणारानें स्वतः न्यायालयांत जाऊन ती धमकी निराधार ठरवून घ्यावी, मनाई मिळवावी व नुकसानभरपाईहि मागावी, अशी त्यांत तरतूद आहे. मात्र धमकी देणारानें स्वतःच वेळेवर दावा लावून चालविला, तर हें कलम उपयोगी पडत नाहीं. हें शस्त्र कायद्यानें आपल्या हातीं दिलें आहे. आपल्याला त्याचें नांवहि ठाऊक नसावें, ही खेदाची गोष्ट होय.

कोणी म्हणेल, कीं ह्याच्याशीं शेतकऱ्याचा व कारागिराचा काय संबंध? संबंध जिवाभावाचा आहे. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास 'दीनबंधु' काढला; नारायण मेघाजी लोखंड्यांनीं तो पुढें मुंबईंत चालविला; मुकुंदराव पाटलांनीं तरवडीसारख्या खेडेगांवांतून 'दीनमित्र' चालविला. ह्या पत्रांपाशीं देशभर वार्ताहर नव्हते. विरुद्ध पक्षाचें म्हणणें वाचावें, त्यांतलें नेमकें वाक्य लोकांपुढें ठेवावें आणि त्याचा समाचार घ्यावा, हें गरिबांच्या पत्रांचें मुख्य हत्यार असतें. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४५ सालीं काँग्रेस व गांधी ह्यांनीं अस्पृश्यांचें काय केलें हें दाखविणारा ग्रंथ लिहिला, तो उताऱ्यांनीं व दस्तऐवजांनीं भरलेला आहे. कारण प्रतिपक्षाचे शब्द जसेच्या तसे पुढें ठेवले, म्हणजे त्याला 'मी असें म्हणालोंच नव्हतों' असें म्हणण्यास जागा उरत नाहीं. त्या प्रत्येक उताऱ्याला साडेबारा डॉलर मोजावे लागले असते, तर गरिबाचा कोणता ग्रंथ व कोणतें पत्र उभें राहिलें असतें? पूर्वीं आपल्या कानांवर अक्षर पडूं देत नसत. आतां कानांवर अक्षर पडतें. पण तें उलट विचारण्यासाठीं तोंडांतून काढावयाचें तर आधीं दाम मोजा, असें कोणी म्हणूं लागला तर ती नवी सोंवळीं-ओंवळींच होत.

परंतु बंधूंनो, हक्काबरोबर जबाबदारीहि येते, आणि तीहि तितक्याच स्पष्टपणें सांगणें हें आमचें कर्तव्य आहे. दुसऱ्याचा सबंध व्हिडिओ उचलून त्याखालीं आपलें नांव लावणें ही चोरीच होय. तिला टीकेचें सोंवळें नेसवूं नये. जेवढ्यानें आपला मुद्दा सिद्ध होतो तेवढेंच घ्यावें. ज्याचें घेतलें त्याचें नांव ठळक द्यावें. घेतलेलें पांच हिस्से आणि स्वतःचें पंचाण्णव हिस्से, अशी आपली मेहनत असावी. शोभेसाठीं दुसऱ्याचीं चित्रें लावूं नयेत. जेथें स्वतः जातां येतें तेथें स्वतः जावें. ग्रामसभेचें आणि बाजारसमितीचें चित्र घेण्यास दिल्लीचा कॅमेरा लागत नाहीं. भाषा जहाल असावी पण शिवराळ नसावी. शिवी दिली, कीं मूळ प्रश्न बाजूला राहून शिवीचाच खटला चालतो. नोटीस आली तर घाबरून पैसे देऊं नयेत आणि बेफिकीर राहून ती फाडूंहि नये. कागद जपावे, तारीख लिहावी, उत्तर लेखी द्यावें. वकील परवडत नसेल तर तालुका विधि सेवा समितीकडे जावें. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठराविक उत्पन्नाच्या आंतले गरीब ह्यांना मोफत कायदेशीर मदत देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यांत आहे.

आणि जे मोठे आहेत त्यांनींहि आपलें आंगण झाडावें. गांवच्या वार्ताहरानें पायपीट करून आणलेली बातमी शहरचें पत्र उचलतें आणि त्याचें नांवहि छापीत नाहीं, हा अनुभव खेड्यापाड्यांतील पुष्कळ वार्ताहरांना आहे. तेव्हां मात्र 'पेरणाराचा हक्क' कोणाला आठवत नाहीं! हक्क श्रमाचा असेल तर तो गांवच्या माणसाच्या श्रमालाहि लागला पाहिजे. नुसत्या पेढीच्या पाटीला लागून उपयोग नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. टीकेसाठीं घेतलेल्या लहान उताऱ्याला व लहान तुकड्याला संरक्षण आहे, हें सरकारनें नियम करून, उदाहरणें देऊन, मराठींत व सर्व देशी भाषांत जाहीर करावें. तक्रार करणारानें वाजवी वापराचा विचार केला आहे, असें लेखी दिल्याशिवाय कोणाचा व्हिडिओ उतरवूं नये. आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय चॅनेल बंद करूं नये. वृत्तसंस्थांनीं आपले दर उघड छापावे, आणि ते एका खेडुताच्या चॅनेलला एक व करोडोंच्या कंपनीला दुसरे असे ऐपत पाहून असावे. जनतेच्या पैशानें सरकारी यंत्रणा जीं चित्रें घेते, तीं टीकेसाठीं जनतेला मोकळीं असावीं. ह्यांत कोणाचा घास काढून घेण्याची मागणी नाहीं. हंडी ज्याची आहे त्याचीच राहो, भात त्यानें खुशाल विकावा आणि पोटभर नफा करावा. पण बाजारांत मांडलेल्या भाताचें शीत दाबून पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. तो आम्ही मागून घेत नाहीं. कायद्यानें तो आमचाच आहे. गांवोगांवच्या तरुणांनीं हें ५२ वें व ६० वें कलम वाचून काढावें, चावडीवर वाचून दाखवावें, आणि न भितां, न चोरतां, नांव घेऊन व पुरावा ठेवून प्रश्न विचारीत राहावें.